एकच रेसिपी, रोज वेगळे फॉरेस्ट: लोह उत्प्रेरकावर कार्बन नॅनोट्यूब वाढवताना पुन्हा पुन्हा येणारे अपयश आणि त्याचे निवारण

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या; तापलेल्या भट्टीत कार्बनयुक्त वायू सोडून लोहाच्या कणांवर त्या वाढवतात. समस्या अशी आहे. सिलिकॉन वेफरवर १० नॅनोमीटर अॅल्युमिना आणि त्यावर १ नॅनोमीटर लोह असे थर दिलेले आहेत. क्वार्ट्झची नळी, भट्टीचे तापमान, वायूंचे प्रवाह आणि वेळ यांपैकी काहीही बदललेले नाही. सोमवारी या वेफरच्या तुकड्यावर मिलिमीटरभर उंचीचे, मखमलीसारखे काळे फॉरेस्ट, म्हणजे दाट उभ्या नॅनोट्यूबचा थर, उभे राहते. बुधवारी त्याच वेफरमधून, अगदी शेजारून कापलेल्या तुकड्यावर जेमतेम पन्नास मायक्रॉनचा थर येतो, आणि शुक्रवारी तुकडा जसा आत गेला तसाच चकचकीत बाहेर येतो. पुढच्या सोमवारी पुन्हा सगळे व्यवस्थित होते, आणि मधल्या आठवड्यात नेमके काय बिघडले होते हे कोणालाच सांगता येत नाही.

ज्या प्रयोगशाळेत मी काम करतो ती मुंबईच्या उपनगरात, खाडीपासून फार लांब नसलेल्या भागात आहे. पहिल्या पावसाळ्यात आम्ही या दुखण्यावर जो उपाय केला तोच बहुतेक जण करतात, म्हणजे रेसिपी बदलत राहिलो. तापमान ७५० वरून ७७५ अंश केले, हायड्रोजन वाढवला, इथिलीन (कार्बन देणारा वायू) कमी केले, लोहाचा थर १.५ नॅनोमीटर करून पाहिला. तीन आठवडे गेले, पंचवीसेक तुकडे खर्ची पडले आणि हाती आलेल्या आकड्यांतून एकही निष्कर्ष निघेना. दोष रेसिपीत नव्हताच. तो रेसिपीच्या कागदावर ज्यांची नोंदच नव्हती अशा गोष्टींत होता: नळीतले पाणी, हवेची गळती, नळीला चिकटलेला जुना कार्बन आणि तुकड्याची भट्टीतली जागा. म्हणून माझी पहिली विनंती अशी की वाढ बिघडली तर आधी रेसिपीला हात लावू नये. ती आहे तशी गोठवावी आणि बाकीचे सर्व एकेक करून तपासावे.

हे तपासण्यापूर्वी उत्प्रेरक काय करतो हे डोळ्यांपुढे असले पाहिजे, कारण पुढचे सगळे निदान त्यावरच उभे आहे. लोह, कोबाल्ट आणि निकेल हे धातू हायड्रोकार्बनचे विघटन घडवतात आणि तापलेल्या अवस्थेत थोडा कार्बन स्वतःत सामावून घेऊ शकतात. कणाच्या एका भागावर रेणू फुटतो, कार्बन कणातून किंवा त्याच्या पृष्ठभागावरून सरकतो आणि दुसऱ्या भागावर नॅनोट्यूबच्या भिंतीच्या रूपाने बाहेर पडतो. बेकर आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये निकेल आणि अॅसिटिलीन वापरून कार्बनच्या तंतूंची वाढ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिली आणि हे चित्र मांडले. नॅनोट्यूबवरचा सुमिओ इजिमांचा १९९१ चा गाजलेला शोधनिबंध त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला. कण तळाला घट्ट चिकटलेला असेल तर नॅनोट्यूब त्याच्यावरून वर ढकलली जाते, आणि पकड सैल असेल तर कणच नॅनोट्यूबच्या टोकावर बसून वर जातो. अॅल्युमिनावरच्या लोहाच्या बाबतीत सहसा पहिला प्रकार घडतो. म्हणजे आपले संपूर्ण फॉरेस्ट तळाशी असलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या जिवावर वाढत असते. ते कण मेले की वाढ थांबते.

या कणांचे गणित एकदा कागदावर करून पाहण्यासारखे आहे. १ नॅनोमीटर जाडीच्या लोहाच्या सलग थरापासून १० नॅनोमीटर व्यासाचे गोल कण झाले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९० अब्ज कण मिळतात. तेच लोह गोळा होऊन ३० नॅनोमीटरचे कण झाले, तर संख्या सात अब्जांवर येते. व्यास तिप्पट झाला की संख्या सत्तावीस पटींनी घटते. आता नॅनोट्यूब उभ्या का राहतात ते पाहावे. दाट पेरलेला जोंधळा एकमेकांच्या आधाराने सरळ उभा राहतो आणि विरळ पेरलेला वाऱ्याने आडवा होतो, तसेच इथेही आहे. कण दाट असले की नॅनोट्यूब शेजारणींना टेकून वर जातात, कण विरळ झाले की त्या वेटोळे घालून आडव्या पसरतात आणि फॉरेस्टऐवजी गुंतवळ तयार होते. हायड्रोजनमधले अनीलिंग, म्हणजे वाढीपूर्वी तुकडा तापवून ठेवणे, दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटे चालले तर लहान कणांचे लोह मोठ्या कणांकडे सरकते, आणि वाढ सुरू होण्यापूर्वीच खेळ संपलेला असतो.

तुकडा आणि नळी दोन्ही पाहूनच निदान करावे

भट्टी थंड झाल्यावर बहुतेक जण तुकडा उचलून थेट एसईएमकडे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे) जातात. त्याआधी दोन मिनिटे नळीकडे पाहावे, कारण तुकडा अर्धीच हकिकत सांगतो.

तुकडा चकचकीत आणि नळीचे मागचे टोकही स्वच्छ असेल, तर कार्बन देणारा वायू आत पोहोचलाच नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर आणि एमएफसी (वायूचा प्रवाह नियंत्रित करणारे उपकरण) पाहावे. एमएफसीच्या पडद्यावर आकडा दिसतो म्हणून वायू येतोच आहे असे समजू नये. बाहेर पडणारा प्रवाह साबणाच्या बुडबुड्याच्या फ्लोमीटरने मोजून खात्री करावी.

तुकडा चकचकीत आहे, पण नळीच्या मागच्या थंड भागात तपकिरी डांबरासारखा थर आला आहे, असे असेल तर वायू आला, तापला, त्याचे विघटनही झाले, पण उत्प्रेरक कामाला लागला नाही. इथे संशय अॅल्युमिनावर, लोहावर आणि पाण्यावर जातो, आणि माझ्या अनुभवात तो पाण्यावर सर्वांत आधी घ्यावा.

तुकड्यावर काळा थर आहे, पण तो बोटाने पुसला जातो, चिकट किंवा पत्र्यासारखा लागतो, आणि वेफरच्या मागच्या बाजूलाही, जिथे लोह नाही तिथेही, तसाच आहे, तर ती काजळी आहे. उत्प्रेरकाचा तिच्याशी संबंध नाही. वायू गरजेपेक्षा जास्त आहे, तापमान जास्त आहे किंवा तप्त भागात वायू फार वेळ रेंगाळतो आहे. इथिलीनचा प्रवाह निम्मा करून एक फेरी घेतली की उत्तर मिळते.

फॉरेस्ट उभे आहे, पण शंभरेक मायक्रॉनवर थांबले आहे आणि वेळ दुप्पट केली तरी उंची तेवढीच राहते, हा सर्वांत फसवा प्रकार आहे. इथे वाढीचा वेग कमी झालेला नसतो. कण अकाली मेलेले असतात. एखादा कण कार्बनच्या कवचाने झाकला जातो, एखाद्याचे लोह मोठ्या शेजाऱ्याकडे जाते, तर कुणाचे खाली अॅल्युमिनात मुरते. अॅल्युमिना जितका सच्छिद्र, तितके हे मुरणे जास्त.

कडेला उंच आणि मध्ये बुटके, किंवा एका कोपऱ्यात चिमट्याच्या आकाराचा टक्कल पडलेला भाग, हे बहुधा हाताळणीचे दोष असतात. वेफर हिऱ्याच्या टोकाने कापताना उडालेली सिलिकॉनची पूड, हातमोज्याचा डाग आणि ज्या डबीत तुकडे ठेवतो तिच्या तळाची चिकट जेल, या तिन्हींमुळे आमचे तुकडे खराब झालेले आहेत. तुकडा कापताना लोहाचा थर खालच्या बाजूला कधीही टेकवू नये.

पाणी

आता मुख्य विषयाकडे येतो. २००४ मध्ये जपानमधील त्सुकुबा येथील एआयएसटी या संस्थेतील केंजी हाता आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की इथिलीनच्या प्रवाहात अत्यल्प बाष्प सोडले तर उत्प्रेरक दीर्घकाळ जिवंत राहतो आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचे एकभित्तीय (एकाच भिंतीच्या) नॅनोट्यूबचे फॉरेस्ट वाढते. हे पाणी दशलक्षांत काही दहा ते काहीशे भाग, म्हणजे पीपीएमच्या भाषेत शंभराच्या आसपास असते. ते कणावरचे अस्फटिकी कार्बनचे कवच जाळून काढते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासानुसार ते लहान कणांचे लोह मोठ्या कणांकडे सरकणेही रोखते. मात्र हेच पाणी जास्त झाले की ते लोहाचे ऑक्सिडीकरण करते आणि वाढलेल्या नॅनोट्यूबही कुरतडते. म्हणजे पाणी अजिबात नसेल तर उंची कमी, योग्य असेल तर भरपूर, आणि जास्त झाले की पुन्हा शून्याकडे. रोज थोडे वेगळे पाणी नळीत शिरत असेल तर निकाल रोज वेगळा येणारच. जॉन हार्ट यांच्या गटाने २०१३ मध्ये प्रयोगशाळेतील अनेक फेऱ्यांचे सांख्यिकी विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यातही खोलीतील आर्द्रता आणि नळीत साचलेला कार्बन यांच्याकडेच बोट दाखवलेले आहे. तो निबंध वाचला तेव्हा आम्हाला फार मोठा आधार वाटला होता, कारण तोपर्यंत आम्ही स्वतःच्या हातांनाच दोष देत होतो.

मुंबईत जुलैमध्ये ३० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेल्या हवेत सुमारे ३७,००० पीपीएम पाणी असते. डिसेंबरच्या दुपारी २८ अंश आणि ३५ टक्के आर्द्रतेला ते सुमारे १३,००० असते. हे आकडे पाहिल्यावर आमचा पहिला तर्क सरळ होता: कुठेतरी गळती आहे आणि पावसाळ्यातली ओली हवा आत येते. तर्क अर्धा बरोबर निघाला. उरलेला अर्धा कुठे चुकला होता ते सविस्तर सांगतो, कारण तीच चूक इतरांकडूनही होताना मी पाहिली आहे.

गळती मोजण्याची आमची पद्धत अशी आहे. थंड भट्टीत रिकामी नळी रोटरी पंपाने निर्वात करायची, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दाब दर मिनिटाला वहीत लिहायचा. वीस मिनिटांच्या नोंदींचा आलेख काढला की तो दोनपैकी एका तऱ्हेने वागतो. रेषा आधी चढते आणि मग हळूहळू सपाट होत जाते, तर नळीच्या भिंतींवर चिकटलेले बाष्प सुटते आहे, गळती नाही. रेषा पट्टी ठेवून काढल्यासारखी सरळ चढतच राहते, तर ती खरी गळती आहे. आमची रेषा सरळ होती, मिनिटाला १.२ मिलिबार. २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या आणि एक मीटर लांबीच्या नळीचे आकारमान साधारण अर्धा लिटर असते. त्यावरून हिशेब केला तर मिनिटाला सुमारे ०.६ घन सेंटिमीटर हवा आत येत होती. वाढीच्या वेळी आमचा एकूण प्रवाह ६०० एससीसीएम (मिनिटाला प्रमाण घन सेंटिमीटर) असतो: ४०० आर्गॉन, १०० हायड्रोजन, १०० इथिलीन. म्हणजे वायूच्या मिश्रणात ०.१ टक्का हवा. वाढीच्या वेळी नळीत वातावरणापेक्षा किंचित जास्त दाब असल्यामुळे प्रत्यक्षातली गळती याहून कमी असते, तेव्हा हा आकडा कमाल मर्यादा म्हणून घ्यावा.

या ०.१ टक्का हवेतून जुलैमध्ये ३७ पीपीएम पाणी येते. पण त्याच हवेतून २१० पीपीएम ऑक्सिजनही येतो, आणि ७५० अंशांना हायड्रोजनच्या सान्निध्यात त्या ऑक्सिजनचे पाणी होते: एका रेणूपासून दोन, म्हणजे ४२० पीपीएमपर्यंत. हवेतल्या बाष्पापेक्षा हवेतला ऑक्सिजनच अकरा-बारा पट पाणी घडवतो! आणि ऑक्सिजनचे प्रमाण तर बाराही महिने सारखेच असते. म्हणजे गळतीमुळे वाढ बिघडते हे खरे, पण पावसाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात कमी का बिघडते, याचे उत्तर गळतीत नाही.

गळती सापडली ती नळीच्या पुढच्या टोकावरील ओ-रिंगमध्ये, म्हणजे जोडणी घट्ट करणाऱ्या रबरी कड्यात. टोकाची जोडणी सोडून भिंगाखाली पाहिले तेव्हा रबरावर केसाइतकी बारीक आडवी चीर होती, आणि तिच्या बरोबर समोर क्वार्ट्झच्या काठाचा टवका उडालेला होता. ओ-रिंग बदलली, नळीचा काठ घासून सारखा करून घेतला, आणि पुन्हा मोजणी केल्यावर दाबाची रेषा दहा मिनिटांत सपाट झाली. त्यानंतर पूर्ण रिकामे जाणारे तुकडे बंद झाले, पण फॉरेस्टची उंची मात्र ऑगस्टभर वरखाली होतच राहिली.

ऋतूशी खरा संबंध दोन ठिकाणी निघाला. पहिले ठिकाण म्हणजे सिलिंडरपासून भट्टीपर्यंत भिंतीवरून नेलेली सहा मीटर पॉलियुरेथेनची निळी पाइप. ही पाइप दाब उत्तम धरते, साबणाच्या पाण्याची चाचणी सहज पार पाडते, आणि तरीही बाष्प तिच्या भिंतीतून आत झिरपते, कारण पॉलियुरेथेन आणि नायलॉन पाण्याच्या रेणूंना वाट देतात. रात्रभर वायू बंद असताना ती पाइप आतून ओली होत राहते, आणि सकाळची पहिली फेरी त्या पाण्यात जाते. सकाळी वाढ खराब आणि दुपारी चांगली, अशी तक्रार असेल तर बाकी काही न पाहता आधी पाइप पाहावी. आम्ही ती काढून स्टेनलेस स्टीलची बसवली. दुसरे ठिकाण म्हणजे तुकडा ठेवण्यासाठी उघडलेली नळी. क्वार्ट्झच्या आतल्या भिंतीवर, आणि त्याहून जास्त तिथे साचलेल्या जुन्या काजळीवर, खोलीतल्या हवेतले बाष्प चिकटते. ते पाच मिनिटांच्या आर्गॉनने जात नाही. भट्टीबाहेर राहणारी नळीची थंड टोके तर ते तासभर सोडत राहतात. आता आम्ही नळी बंद केल्यावर भट्टी २५० अंशांवर ठेवून अर्धा तास आर्गॉन सोडतो, आणि पावसाळ्यात दोन्ही टोकांना तापपट्टी गुंडाळतो. ज्यांची भट्टी रुळांवर सरकते त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे: तुकडा थंड भागात ठेवावा, भट्टी दुसरीकडे तापवून तापमान आणि वायू पूर्ण स्थिर होऊ द्यावेत, आणि मगच ती तुकड्यावर सरकवावी. त्यामुळे तुकडा हळूहळू तापताना ओल्या वायूत पडून राहत नाही आणि अनीलिंगची वेळही नेमकी राहते.

यानंतर जे घडले त्याची आम्हाला कल्पना नव्हती. गळती बंद झाली, पाइप बदलली, नळी कोरडी झाली, आणि सलग आठ फेऱ्यांत फॉरेस्टची उंची अगदी सारखी आली, पण ती होती अवघी दोनशे मायक्रॉन. मिलिमीटरभर वाढ कुठे गेली? ती गळतीबरोबरच गेली होती. इतके दिवस ज्या चांगल्या फेऱ्यांचे आम्ही कौतुक करत होतो त्या आमच्या रेसिपीच्या नव्हत्याच. चिरलेल्या ओ-रिंगमधून योगायोगाने योग्य प्रमाणात पाणी येत होते, म्हणून त्या साधत होत्या. तेव्हा कोणी गळती काढल्यावर वाढ कमी झाली म्हणून घाबरून जुनी जोडणी परत बसवू नये. प्रणाली कोरडी झाली आहे याचीच ती खूण आहे, आणि आता पाणी मोजून घालायचे आहे.

मोजून घालण्यासाठी बबलर (ज्या पाण्यातून वायूचे बुडबुडे नेतात ती बाटली) बर्फात ठेवावा. शून्य अंशाला पाण्याचा बाष्पदाब ६११ पास्कल असतो, म्हणजे बबलरमधून जाणाऱ्या आर्गॉनमध्ये सुमारे ०.६ टक्के बाष्प येते. १५ एससीसीएम आर्गॉन त्यातून नेऊन मुख्य प्रवाहात मिसळला की एकूण प्रमाण १५० पीपीएमच्या जवळ बसते. हाच बबलर २५ अंशांच्या खोलीत टेबलावर ठेवला तर तोच आर्गॉन सुमारे ८०० पीपीएम पाणी आणतो, आणि दुपारी वातानुकूलन बंद पडून खोली ३१ अंशांवर गेली तर त्यात आणखी ४० टक्क्यांची भर पडते. बर्फ आणि पाण्याचे मिश्रण फेरीच्या शेवटापर्यंत टिकले पाहिजे. आम्ही थर्मासच्या रुंद तोंडाच्या डब्यात बबलर ठेवतो. सुरुवातीला ५, १०, १५, २० आणि ३० एससीसीएम अशा पाच फेऱ्या एकाच दिवशी, एकाच वेफरच्या तुकड्यांवर घ्याव्यात. उंचीचा आलेख टेकडीसारखा आला तर प्रणाली आपल्या ताब्यात आहे. तो आला नाही, तर पाण्याचा दुसरा, न मोजलेला मार्ग अजून उघडा आहे.

नळी, तापमान, सिलिंडर

नळीची सफाई दर काही फेऱ्यांनंतर करावीच लागते: तुकडा न ठेवता, हवेत ८५० अंशांना अर्धा-पाऊण तास. सगळा कार्बन जळून नळी पारदर्शक होते. मात्र सफाईनंतरची पहिली फेरी विश्वासार्ह धरू नये, कारण स्वच्छ क्वार्ट्झ आणि कार्बनचा पातळ थर असलेले क्वार्ट्झ वायूशी सारखे वागत नाहीत. आम्ही सफाईनंतर एक फेरी रिकामी चालवतो आणि वहीत प्रत्येक निकालासमोर ‘सफाईनंतरची कितवी फेरी’ असा रकाना ठेवतो. हवेने जाळल्यानंतर थेट हायड्रोजन कधीही सोडू नये. मध्ये आर्गॉनने नळी पूर्ण धुऊन घ्यावी. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या संपूर्ण पट्ट्यात पेट घेऊ शकतो.

ज्या नळीत फेरोसीन हे लोहयुक्त संयुग वापरले ती नळी वेफरवरच्या वाढीसाठी पुन्हा घेऊ नये. फेरोसीनच्या वजनात ३० टक्के लोह असते आणि त्याचा अंश भिंतीवर राहतो; मग ती भिंतच उत्प्रेरक होऊन वायू खाऊन टाकते. फेरोसीन आणि टोल्युइन किंवा झायलिन फवारून वाढ करणाऱ्यांची अडचण वेगळी असते: सुईच्या टोकाशी फेरोसीनचे खडे धरतात आणि लोहाचा पुरवठा धक्क्याधक्क्याने होतो. सुई ज्या भागात उघडते तिथले तापमान आधी मोजावे. द्रावण तिथे पोहोचताच त्याची वाफ झाली पाहिजे, थेंब लोंबता कामा नये. कापरापासून नॅनोट्यूब वाढवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आयआयटी मुंबईत महेश्वर शरॉन यांच्या गटाने आणि जपानमध्ये मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी कापरावर बरेच काम केले आहे. कापूर सहज उडून जातो, त्यामुळे तो किती वेगाने उडतो हे बाष्पीभवनाच्या भागातील तापमानावरच ठरते, आणि तिथे पाच-दहा अंशांचा फरक पडला तरी कार्बनचा पुरवठा बदलतो.

तापमानाबाबत एकच सांगतो. भट्टीचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) नळीच्या बाहेर असतो. आतले तापमान वेगळे असते आणि नळीच्या लांबीवर ते बदलत जाते. वर्षातून एकदा लांब के-प्रकारचा थर्मोकपल आत घालून, फक्त आर्गॉनच्या प्रवाहात, दर दोन सेंटिमीटरला तापमान मोजावे आणि तो आलेख भट्टीवर चिकटवावा. तुकड्याची जागा क्वार्ट्झच्या बोटीवर खूण करून पक्की ठेवावी. इथिलीन तापताना त्यापासून अत्यल्प अॅसिटिलीन तयार होते आणि ते इथिलीनपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील असते. त्यामुळे तुकडा चार सेंटिमीटर मागे सरकला तर तापमान तेच असूनही त्याला मिळणारा वायू वेगळा असतो.

ज्यांच्याकडे थेट अॅसिटिलीन वापरतात त्यांनी सिलिंडरचा दाब दर फेरीला लिहावा. हा वायू सिलिंडरमध्ये अॅसिटोनमध्ये विरघळवून साठवलेला असतो, आणि सिलिंडर रिकामा होत जातो तसे बाहेर येणाऱ्या वायूतले अॅसिटोनचे प्रमाण वाढते. महिनाभर चांगली चाललेली वाढ शेवटच्या आठवड्यात ढासळली तर कारण बहुधा तिथे असते. या वायूच्या मार्गात तांब्याची जोडणी असता कामा नये, कारण स्फोटक तांबे अॅसिटिलाइड तयार होऊ शकते.

लोहाचा थर देणारे यंत्र दुसऱ्या विभागात असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. क्वार्ट्झ स्फटिकाचा जाडीमापक ०.३ नॅनोमीटरने चुकला तर १०० नॅनोमीटरच्या थरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही, पण आपल्या १ नॅनोमीटरच्या थरात ती ३० टक्क्यांची चूक असते. म्हणून एका वेळी एकच मोठा वेफर करून घ्यावा आणि त्याचेच तुकडे वापरावेत. दोन वेफरांच्या निकालांची सरळ तुलना करू नये.

काय वाढले ते तपासताना

एसईएमचे चित्र उंची दाखवते, गुणवत्ता नव्हे. रामन वर्णपटात १५९० सेमी⁻¹ च्या आसपासचे जी शिखर (सुव्यवस्थित भिंती) आणि १३५० जवळचे डी शिखर (भिंतीतले दोष) यांचे गुणोत्तर पाहावे, पण ते तुकड्याच्या किमान पाच जागी आणि शक्यतो फॉरेस्टच्या बाजूने, वरपासून खालपर्यंत घ्यावे. फॉरेस्टचा माथा आधी वाढलेला असतो आणि तळ सर्वांत शेवटी. तळाकडे डी शिखर वाढत गेले असेल, तर उत्प्रेरक मरत असताना कसा बिघडत गेला याचा क्रमच आपल्याला वाचायला मिळतो. १०० ते ३०० सेमी⁻¹ या पट्ट्यात शिखरे दिसली तर एकभित्तीय नॅनोट्यूब आहेत असे समजावे. फवारणीतून मिळालेल्या भुकटीसाठी टीजीए (तापवत नेऊन वजनातली घट मोजणारी चाचणी) करावी. जळून उरलेली लालसर राख लोहाचे ऑक्साइड असते, आणि तिच्या वजनाला ०.७ ने गुणले की मूळ लोहाचे वजन मिळते.

नळी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नये, आणि उघडताना मास्क व हातमोजे असावेतच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्तीय नॅनोट्यूबच्या एमडब्ल्यूसीएनटी-७ या एका प्रकाराला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब गटात ठेवले आहे. कोरडे फॉरेस्ट ब्लेडने खरवडताना उडणारी धूळ विद्यार्थ्यांच्या श्वासात जाताना मी पाहिली आहे, आणि ते पाहून गप्प राहणे मला योग्य वाटत नाही. खरवडण्याचे काम फ्यूम हूडमध्येच करावे, आणि जमेल तिथे तुकडा आधी अल्कोहोलने ओला करून घ्यावा.

शेवटी, आम्ही जी एक सवय लावून घेतली ती सांगतो. चांगला ठरलेला एक वेफर बारीक तुकडे करून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद पात्रात) साक्षीदार म्हणून राखून ठेवला आहे. दर सोमवारी त्यातला एक तुकडा ठरलेल्या रेसिपीने, दहा मिनिटे, वाढवला जातो. त्याची उंची, खोलीची आर्द्रता, बर्फाची स्थिती आणि सफाईनंतरची फेरी हे चार आकडे वहीत जातात. साक्षीदाराची उंची नेहमीच्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ढळली, तर त्या दिवशी नवा प्रयोग सुरू केला जात नाही. आधी नळी निर्वात करून दाबाची रेषा काढली जाते. गेल्या दोन पावसाळ्यांत असे पाच वेळा घडले: तीन वेळा ओ-रिंग निघाली, एकदा आर्गॉनच्या मार्गावरचा ओलावा शोषणारा गाळक संपृक्त झालेला होता, आणि एकदा कोणीतरी स्टीलच्या नळीला पुन्हा अर्धा मीटर निळी पाइप जोडलेली सापडली.